सरांची चूक

सर फार प्रामाणिक आहेत, हे मला आजवर इतक्या लोकांनी ऐकवलंय की आता कोणी 'प्रामाणिक' म्हणायला तोंड उघडलं की मी पर्स उचलून निघते. परवा हिंजवडीला जाताना कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या मुलीला कळलं, मी कोणाकडे पीएच.डी. करत होते ते. डोळे एवढे मोठे करून म्हणाली, "अय्या, ते सर? ज्यांनी स्वतःचाच पेपर मागे घेतला? सो इन्स्पायरिंग ना!" मी म्हटलं, "हो ना," आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नेहमीची तुंबलेली वाहनं होती. स्वतःचाच म्हणे! त्या पेपरवर पहिलं नाव माझं होतं.

पण ते पुढे येईलच. आधी माणूस कसा ते सांगते, नाहीतर तुम्हीही त्या मुलीसारखं 'किती छान' म्हणाल आणि मी चिडखोर ठरेन. आहेच मी चिडखोर. पण कारण आहे.

सर सगळ्यांना 'अहो' म्हणत. कालपरवा बारावी होऊन आलेल्या पोरांना, झाडणाऱ्या मावशींना, कुरिअरवाल्यालासुद्धा. बाहेरच्यांना ते फार गोड वाटायचं. आम्हाला माहीत होतं की 'अगं' म्हणून ओरडणारा माणूस निदान घरातला वाटतो. सरांनी 'अहो' म्हटलं की आपण दाराबाहेर चपला हातात घेऊन उभे आहोत असं वाटायचं. "अहो, हा आलेख आपण शुद्धीत काढलात का?" एकीने लग्नासाठी रजा मागितली, तर म्हणाले, "अवश्य जा. फक्त आपल्या पेशींना कळवून जा, म्हणजे त्या तोवर मरायच्या थांबतील." ती बिचारी मेंदीच्या दिवशी दुपारपर्यंत लॅबमध्ये होती.

मायक्रोस्कोपच्या खोलीत यंत्रासाठी एसी कडक ठेवावा लागे. त्यामुळे ऐन मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, सर तपकिरी कानटोपी घालून, हनुवटीखाली तिची नाडी बांधून बसलेले असत. परदेशातून पाहुणे आले तरी नाडी सुटायची नाही. खोलीत एकच स्टूल, त्याला पाठ नाही. मी एकदा खुर्ची आणू का विचारलं. म्हणाले, "टेकून बसलेला माणूस कशालाही हो म्हणतो."

चित्रं काळी-पांढरीच हवीत, हा आणखी एक हट्ट. जगभर लोक चेतापेशी हिरव्या-जांभळ्या रंगवून मुखपृष्ठांवर छापतात. सर म्हणायचे, "रंग दिवाळी अंकाला ठेवा." लॅबमध्ये 'सुंदर' या शब्दाला बंदी होती. लातूरहून आलेली एक मुलगी पहिल्याच आठवड्यात बोलून गेली, "सर, काय सुंदर आलंय!" सर म्हणाले, "मग फ्रेम करून घरी लावा. इथे कशाला दाखवताय?" आणि मग त्यांचा तो ठरलेला प्रश्न: "हे आपल्याला दिसलं, की आपल्याला हवं होतं?" हा प्रश्न त्यांनी आम्हाला इतक्या वेळा विचारलाय की मी अजूनही मंडईत वांगी निवडताना स्वतःला तो विचारते.

मला ते आवडायचे. हे सांगायला जीभ रेटत नाही, पण आवडायचे. बाकीचे गाइड विद्यार्थ्यांच्या खांद्यावर हात टाकून मागे त्यांची टिंगल करत. सर जे बोलायचं ते तोंडावर. शिवाय त्यांच्याइतकं सोपं करून सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला आईने त्यांना आग्रहाने बोलावलं होतं. आमच्या काकांच्या हट्टामुळे कोथरूडच्या त्या हॉलमध्ये बुफे न ठेवता रीतसर केळीच्या पानांवर पंगत होती. सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हा लॅबवाल्यांच्या काकू, आले, आणि आईने पहिल्या वरणभातालाच विचारलं, "हिचं काम नक्की काय हो? आम्हाला कोणाला सांगताच येत नाही."

सर म्हणाले, "दोन चेतापेशी जिथे भेटतात तिथे मध्ये बारीकशी फट असते. पहिली पेशी त्या फटीत रसायन सोडते. ते टिपायला दुसरीच्या अंगावर रिसेप्टर बसलेले असतात. हे वाढपी, हे जेवणारे."

"मग हिने काय शोधायचं?"

"कोण कुठे बसलंय ते. तो बघा, जिलबीची परात घेऊन त्या दारातून येतोय. दारासमोरच्या पानांवर दोनदा पडली. ते कोपऱ्यातले गृहस्थ मघापासून मान उंच करून बघतायत. हॉल तोच, पंगत तीच, पण त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही. तसंच पेशीचं. रिसेप्टर किती आहेत एवढं मोजून भागत नाही. रसायन सुटतं त्याच्या बरोबर समोर घोळका करून बसलेत की इकडेतिकडे पसरलेत, यावर निरोप जोरात पोचणार की दबका, ते ठरतं."

"अगंबाई," आई म्हणाली, "ते कोपऱ्यातले माझे दीर!" आणि जिलबी घेऊन धावली. पण त्या दिवसापासून सर म्हणजे आईचं दैवत. आमच्या घरात गणपतीनंतर त्यांचाच नंबर.

आता चुकीचं सांगते. रिसेप्टर नुसता दिसत नाही. त्याला चिकटणारी अँटिबॉडी सोडायची, आणि त्या अँटिबॉडीला चिकटणारी दुसरी सोडायची, जिला चकाकणारा रंग लावलेला असतो. मग मायक्रोस्कोपखाली जिथे ठिपका चमकेल तिथे रिसेप्टर. पुष्कळ ठिकाणी आधी पेशी रसायनात मारून पक्क्या करतात, म्हणजे जे जिथे आहे ते तिथे गोठतं, आणि मग अँटिबॉडी घालतात. सरांना हे मंजूर नव्हतं. "मेलेल्याला काय विचारायचं? जिवंत आहे तोवर विचारा." आमच्याकडे पेशी जिवंत असतानाच दोन्ही अँटिबॉडी घालायच्या, थोडा वेळ थांबायचं, मग पेशी पक्क्या करायच्या. हे सरांचं ब्रीद होतं. तरुणपणी यावरून त्यांनी भल्याभल्यांशी भांडणं केली होती. आणि आमच्या पद्धतीने आम्हाला काय दिसलं? घोळके. रसायन सुटतं त्याच्या बरोबर समोर, दाटीवाटीने बसलेले. माझा सगळा प्रबंध त्या घोळक्यांवर उभा होता.

दुसऱ्या वर्षी गुरुवारच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, "सर, जिवंत पेशीवर रिसेप्टर जागचे हलत असतात, तरंगत असतात. आणि अँटिबॉडीला दोन हात असतात. एका हाताने एक रिसेप्टर धरला, दुसऱ्याने दुसरा. त्यावर रंगवाली आली, तिलाही दोन हात. तिने अशा दोघींना ओढलं. मग हे घोळके आपणच तर जमवत नाही ना? अँटिबॉडीचा एकच हात कापून त्यालाच रंग लावलेला तुकडा मिळतो. तो वापरून बघू या का?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "अहो, आपल्याला दुसऱ्या वर्षी जी शंका येते ती मला उभ्या जन्मात आली नाही. म्हणजे मी मठ्ठच म्हणायचा."

सगळे हसले. मीही हसले, काय करणार?

"शंका घ्यायला अक्कल लागत नाही," सर म्हणाले. "आधी काम शिका. मग शंका घ्या."

मी गप्प बसले नाही, हे नीट ध्यानात ठेवा. पुढच्या वर्षीच्या कामाच्या आराखड्यात मी तो एकहाती तुकडा पुन्हा लिहिला, कारणांसकट. आराखडा परत आला तेव्हा त्या ओळीवर लाल काट होती आणि समासात 'पुन्हा तेच?' मला स्वतः मागवता आला असता का? सरांच्या सहीशिवाय आमच्या लॅबमध्ये टिश्यू पेपरचा रोलसुद्धा येत नसे.

मग त्या घोळक्यांवरचा आमचा पेपर छापून आला. चांगल्या ठिकाणी आला. आईने सोसायटीत पेढे वाटले. खालच्या वॉचमनलासुद्धा 'रिसेप्टर सापडले' असं सांगून आली. सरांना पेढा दिला तर त्यांनी अर्धा खाल्ला आणि म्हणाले, "आता आपण कुठे चुकलो ते शोधायला जग मोकळं." मला तेव्हा तो विनोद वाटला.

माझ्या प्रबंधाची सगळी प्रकरणं सरांच्या टेबलावर पोचली होती. मुदत संपत आली होती, बस, वाचून सही व्हायची होती. तेवढ्यात बाहेरगावचे कोणी शास्त्रज्ञ भेटायला आले आणि त्यांनी त्या एकहाती तुकड्याची एक कुपी सरांना सहज देऊन ठेवली. सरांनी कोणाला काही न सांगता स्वतःच पेशी घेतल्या, स्वतःच सगळं केलं. सकाळी सकाळी मला फोन. "अहो, जरा या."

मी गेले तर सर कानटोपीत, स्टुलावर, आणि चेहरा असा खुललेला की मला वाटलं आपला प्रबंध वाचून झाला. पडद्यावर ठिपके होते. सगळीकडे पसरलेले. मी इकडून बघितलं, तिकडून बघितलं. घोळका कुठेच नाही.

"बघा," सर म्हणाले, "काहीच नाहीये!"

"म्हणजे, सर?"

"म्हणजे आपणच जमवले होते. आपल्याच अँटिबॉडीने. बघायला गेलो आणि बघता बघता गोळा केले. काय गंमत आहे!"

अक्षरशः हात चोळत होते हो. लहान पोराला खेळणं उघडून आतली स्प्रिंग सापडावी तसे. माझा प्रबंध डोळ्यांदेखत कोसळत होता आणि या माणसाला गंमत वाटत होती. मी तोंड उघडलं, 'सर, हे मी सांगितलं होतं' म्हणायला, तोवर सर पुढची काच लावायला वळलेसुद्धा.

इतर रिसेप्टरांचे घोळके जगात लोकांनी वेगळ्या पद्धतींनी पाहिलेत, ते असतातही. आमचे नव्हते, एवढंच. सरांनी ते पुन्हा पुन्हा करून खात्री केली आणि पेपर मागे घेण्याचं पत्र धाडून दिलं. मला त्याची प्रत आली, ईमेलने. मी तशीच त्यांच्या खोलीत गेले.

"सर, मला विचारायचं तरी."

"काय विचारायचं? चूक आहे ती. सांगायला परवानगी लागते?"

"आणि माझा प्रबंध?"

"कुठला प्रबंध? तो तर गेला." हे त्यांनी दूध नासलं म्हणून सांगावं तसं सांगितलं. त्यात दुष्टपणा नव्हता, हीच तर पंचाईत आहे. दुष्ट असते तर मी कुठेतरी तक्रार केली असती.

लोक मला विचारतात, अगं मग तोच प्रबंध उलटा करून का नाही लिहिलास? अँटिबॉडी खोटे घोळके कशी जमवते, हा चांगला विषय नाही का? चांगलाच आहे. मी हेच सरांना म्हटलं. अगदी हात जोडायचे बाकी ठेवले होते.

सर गंभीर झाले. "अहो, चूक माझी आहे. ब्रीद माझं, पद्धत माझी. तिच्यावर आपण पदवी घेणार? लोक म्हणतील, म्हाताऱ्याने आपली चूक विद्यार्थिनीच्या गळ्यात बांधली. मी तसं होऊ देणार नाही. ते मी एकटा लिहीन, माझ्या एकट्याच्या नावावर."

"सर, पण मला चालेल."

"मला चालणार नाही."

आणि त्यांनी लिहिलं. एकट्याने. फार छान लिहिलं असं सगळे म्हणतात. 'ही चूक सर्वस्वी माझी' हे वाक्य तर कुठे कुठे पोचलं. यश त्यांनी माझ्याबरोबर वाटून घेतलं होतं. चूक मात्र आख्खी स्वतःकडे ठेवली, एक तुकडा माझ्या वाटणीला येऊ दिला नाही. मला म्हणाले, "नवा विषय घ्या. तीन-चार वर्षं लागतील. आपण तरुण आहात." मुदतवाढ मिळाली नाही. नवा विषय घेऊन पुन्हा शून्यापासून उभं राहायचा दम माझ्यातही उरला नव्हता. माझी इतकी वर्षं मातीत गेली आणि सरांना ठिकठिकाणी भाषणाची बोलावणी यायला लागली. 'विज्ञानातला प्रामाणिकपणा' या विषयावर. मी हिंजवडीत औषध कंपन्यांच्या अहवालांमधलं इंग्रजी दुरुस्त करते. काम वाईट नाही. एसीसुद्धा बेताचा आहे.

सरांचा सत्कार होता तेव्हा आईने मला ओढून नेलं. "गुरू आहेत गं," म्हणाली. हॉल भरला होता. सर शाल सावरत उभे राहिले आणि म्हणाले, "लोक विचारतात, चूक कळली कशी? अहो, एके सकाळी आंघोळ करताना डोक्यावर तांब्या ओतला आणि शंका आली, की अँटिबॉडीला तर दोन हात असतात!" लोक खो खो हसले. आईसुद्धा. माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझी पदवी गेली, पेपर गेला, चूकही गेली. एक शंका तेवढी माझी म्हणून उरली होती. तीही या माणसाने आंघोळीच्या बादलीत घातली.

पुढच्या रविवारी मी कर्वेनगरला त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं, न विचारता पोह्यांची बशी हातात ठेवली. सर गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते.

मी बसलेच नाही. "सर, ती शंका माझी होती."

"कुठली?"

"दोन हातांची. मी दुसऱ्या वर्षी मीटिंगमध्ये विचारलं होतं. मग आराखड्यात लिहून दिलं. तुम्ही काट मारलीत."

सरांनी चष्मा काढला. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते, ते मला दिसत होतं. "मी काय म्हणालो होतो?"

"म्हणालात, आधी काम शिका, मग शंका घ्या."

"म्हणाले असतील," काकू आतून म्हणाल्या. "मलाही तेच म्हणतात, गॅस बदलताना."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "म्हणजे आपलं बरोबर होतं."

"हो."

"मग गप्प का बसलात?"

"तुम्ही बसवलंत म्हणून!" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या गॅलरीतल्या बाई कपडे वाळत घालायच्या थांबल्या.

"अहो, मी सगळ्यांनाच बसवतो. जो बसत नाही तो पुढे जातो."

ती पोह्यांची बशी मी त्यांच्या डोक्यावर का रिकामी केली नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी म्हटलं, "सर, तुमच्या सहीशिवाय मला श्वास घ्यायची सोय नव्हती. जाणार कुठे पुढे?"

त्यांचा चेहरा उतरला. त्यांना तसं बघून मलाच कसंतरी झालं. ते उठले, गॅलरीच्या कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "हे दुरुस्त करायला हवं. मी चारचौघांत चुकीचं सांगितलं. पुढच्या भाषणात जाहीरपणे दुरुस्त करीन. शब्द देतो."

शब्द दिला की पाळणारच, हे मला पक्कं ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, मी खूश झाले. स्कूटरवरून घरी येताना हेल्मेटच्या आत रडले. वाटलं, चला, एवढं तरी मिळालं. पदवी नसेना, निदान चार लोकांना कळेल की सगळ्यांच्या आधी हिला दिसलं होतं.

महिन्याभराने लॅबमधल्या एका ज्युनिअरने मला त्यांच्या नव्या भाषणाचं रेकॉर्डिंग पाठवलं. सोबत टाळ्यांची चित्रं. 'ताई, सरांनी तुझा उल्लेख केला!!' मी आणि आई सोफ्यावर शेजारी बसून ऐकायला लागलो.

"एक दुरुस्ती करायची आहे," सर म्हणाले. "मी सगळीकडे सांगत आलो की ही शंका मला आली. ते खरं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला ती माझ्या कितीतरी आधी आली होती." आईने माझा हात घट्ट धरला. सर थांबले, पाणी प्यायले. "दुर्दैवाने तिने ती लावून धरली नाही. म्हणून माझ्या तरुण मित्रांना माझं सांगणं आहे, शंका आली तर सोडू नका. तिने सोडली, आणि मला इतकी वर्षं चुकीत काढावी लागली."

टाळ्या थांबेनात.

आईने डोळे पुसले. "बघ, किती मोठ्या मनाचा माणूस. भर सभेत कबूल केलं."

"नाव कुठे घेतलं, आई?" मी कशीबशी म्हणाले.

"नसेना का घेतलं," आई फोन हातात घेत म्हणाली. "मी टाकते ना आपल्या सगळ्या ग्रुपांवर, की ती विद्यार्थिनी म्हणजे आमची हीच."